उपहासाने लिहिलेले परीक्षण समीक्षा म्हणून स्वीकारावे का?

प्रश्न – एक वाचक, कुडाळ

आमच्या तालुक्यातील एका वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो आणि त्यातील पुस्तक-परीक्षणांचा विभाग यंदा माझ्याकडे आहे. कोकणाच्या पार्श्वभूमीवरील एका नव्या कादंबरीवर आलेले परीक्षण नेहमीच्या धाटणीचे नाही. परीक्षकाने ते त्या कादंबरीच्याच शैलीत लिहिले आहे. मृगाचा पहिला पाऊस कोसळतो, पडवीतल्या झोपाळ्यावर आजी जुने दिवस आठवत बसते, मुंबईहून आलेला नातू विहिरीत डोकावून खिन्न होतो, आणि आंब्याच्या कलमांच्या हिश्श्यावरून पेटणाऱ्या ज्या भाऊबंदकीचा मलपृष्ठावर एवढा गाजावाजा आहे, ती लेख संपत आला तरी कुठेच सुरू होत नाही. मंडळातील काहींना हा लेख नको आहे, कारण कादंबरीकार आपल्याच जिल्ह्यातले आहेत आणि उद्या एखाद्या जत्रेत समोरासमोर भेटणार आहेत. दुसरा उपहासात्मक लेख एका लोकप्रतिनिधींच्या कवितासंग्रहावर आहे. अशा लेखनाला समीक्षा म्हणावे का, आणि दोन्ही लेखांना एकच कसोटी लावावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर – रत्नागिरी

अवश्य स्वीकारावे, मात्र मूळ पुस्तक हाताशी ठेवून तपासल्यावरच. विडंबन ही मराठी समीक्षेतली जुनी आणि कष्टाची वाट आहे. प्र. के. अत्रे यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’मध्ये रविकिरण मंडळ या कविगटाच्या काळातील कवितेची जी खिल्ली उडवली आहे, ती वृत्त, यमक आणि शब्दकळा यांवर हुकमत असल्याशिवाय उडवताच आली नसती. मूळ कवितेची चाल जशीच्या तशी ठेवायची आणि आशयाच्या जागी अगदी क्षुल्लक काही बसवायचे, म्हणजे तिचा भारदस्तपणा अनुभवातून येत होता की नुसत्या चालीतून, हे वाचकाच्या लगेच ध्यानात येते. लांबलचक निबंधानेही हे काम इतक्या चोख रीतीने होत नाही.

तुमच्याकडे आलेल्या लेखाकडेही याच नजरेने पाहा. पाऊस, पडवी, आजी आणि विहीर यांनी त्या कादंबरीत खरोखरच कथानकाची जागा अडवली असेल, तर परीक्षकाने नेमके दुखणे हेरले आहे. पण तोच लेख कोकणावरच्या कोणत्याही कादंबरीला लागू पडत असेल, तर पुस्तक नीट वाचलेले नाही असे समजावे आणि लेख परत पाठवावा.

उत्तर – देवगड

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे, कारण नेमकेपणाने सगळे भागत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि मराठी गद्याला तिने दिलेला डौल कोणीही मान्य करील. त्याच मालेत जोतीराव फुले यांच्या भाषेची आणि व्याकरणाची चेष्टा केलेली आहे. व्याकरणाच्या चुका दाखवण्यात शास्त्रीबुवा अचूक असतीलही, पण ‘गुलामगिरी’ने (१८७३) उभा केलेला प्रश्न त्यामुळे तसूभरही हलला नाही, आणि आज आपण फुल्यांना वाचतो ते त्या प्रश्नासाठीच. इतका समर्थ लेखक इतक्या मोठ्या पुस्तकासमोर व्याकरणापाशी अडून राहिला, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून लेखात हसू नेमके कशाचे केले आहे, ते ओळ न् ओळ तपासावे. लेखकाच्या बोलीवर, शिक्षणावर किंवा गावावर आलेली वाक्ये काढून टाकावीत. घरात मालवणी बोलणारे आमच्याकडचे मूल शाळेत पुस्तकी मराठी लिहू लागते, तेव्हाच त्याला पुरेसे हसून घेतलेले असते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये रूढींवर कडाडून प्रहार आहेत, परंतु सुदामा स्वतः बंडूनाना आणि पांडूतात्या या मित्रांच्या बरोबरीने त्या फजितीत सामील असतो. उंचावर बसून तो हसत नाही, आणि तेच मला अनुकरणीय वाटते.

उत्तर – वेंगुर्ले

जत्रेचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. जत्रेत रंगणाऱ्या दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्यात मुख्य आख्यान सुरू होण्यापूर्वी काळ्या वेषातला संकासूर येतो आणि सूत्रधाराशी मालवणीत बोलू लागतो. त्याचे बोलणे कोणी लिहून दिलेले नसते. देवळासमोर मानकरी, सरपंच, दुकानदार सगळे पुढेच बसलेले असतात, आणि न झालेला रस्ता, बंद पडलेली नळपाणी योजना असे विषय त्यांच्या तोंडावर निघतात. रागावून उठून गेलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. ज्याच्याविषयी बोलायचे तो तिथे हजर असतो आणि बोलणाराही त्याच्या समोर उभा असतो, हेच त्याचे कारण असावे. छापील लेखात हे समोरासमोर असणे राहत नाही. तेव्हा कादंबरीकारांना लेख आधी पाठवावा आणि त्यांना उत्तर द्यायचे असल्यास त्याच अंकात जागा ठेवावी. त्यांची परवानगी मात्र मागू नये.

लोकप्रतिनिधींच्या संग्रहाची गोष्ट वेगळी आहे. कविता फसली म्हणून कवीची टर उडवण्यात काही पराक्रम नाही. हौसेने कविता करणाऱ्या निवृत्त शिक्षकाला आपण जेवढे सांभाळून घेतो तेवढे त्यांनाही घ्यावे. खरा विषय प्रकाशन समारंभाचा आहे. एरवी नवोदितांच्या ओळी न् ओळी सोलून काढणारे अभ्यासक त्या व्यासपीठावर खुर्ची पाहून विशेषणे उधळतात, आणि आपल्या वाङ्मयीन संस्कृतीचे याहून मोठे नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही. लेख त्यावर तुटून पडत असेल, तर त्यातला एक शब्दही कमी करू नये.

मूळ प्रश्नकर्ता – कुडाळ

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही लेख पुन्हा वाचले. लोकप्रतिनिधींवरील लेखाचा बराचसा भाग त्यांच्या दिसण्यावर आणि गाडीवर खर्ची पडला आहे. समारंभातील भाषणांवर एकच परिच्छेद आहे, पण तोच सर्वांत धारदार उतरला आहे. तो वाढवून बाकीचे गाळावे असे लेखकाला कळवतो. कादंबरीच्या परीक्षणाबाबत मात्र एक अडचण राहते. ज्याने ती कादंबरी वाचलेलीच नाही, त्याला त्यातला उपहास कळणार कसा?

उत्तर – रत्नागिरी

कादंबरीतला एक सलग परिच्छेद पृष्ठक्रमांकासह लेखाच्या आधी छापा, आणि तो निवडण्याचे काम परीक्षकाकडे न देता स्वतः करा. परीक्षक साहजिकच सर्वांत दुबळा परिच्छेद उचलील. तुम्ही लेखकाच्या नेहमीच्या लेखनाचा प्रामाणिक नमुना घ्या. त्याच्या शेजारी ठेवूनही लेख टिकला, तर कादंबरीकार आपल्या जिल्ह्यातले आहेत म्हणून तो अडवू नये. टिकला नाही, तर दुसऱ्या कोणाकडून सरळ परीक्षण लिहून घ्या. अंक छपाईला जाण्याआधी तेवढा अवधी हाती राहील, अशा बेताने हे काम गणपतीपूर्वीच उरकून घ्यावे.