मदत हवी आहे: हातात राण्यांची जोडी, समोर सतत रेज करणारा भिडू

नमस्कार मंडळी,

टेक्सास होल्डेम (पोकरचा प्रकार: हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच) खेळणाऱ्या जाणकारांना विचारायचं आहे. आम्ही सहा जण शनिवारी रात्री एकाच्या घरी बसतो. पैसे लावत नाही, चिप्स फक्त हिशेबापुरत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आल्यावर तिकडे खेळणारा एक जण आमच्यात आला. भयंकर आक्रमक. दर दुसऱ्या-तिसऱ्या डावाला रेज (लावलेल्या चिप्स वाढवणं), त्यावर कोणी रेज केलं की पुन्हा रेज. बाकीचे पानं टाकून मोकळे होतात. ब्लफ करतो हे नक्की, किल्वरची सत्ती-अठ्ठी घेऊन त्याने पॉट (मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्स) उचललेला मी पाहिलाय. पण एक्के त्यालाही येतातच की.

गेल्या शनिवारचा डाव सांगतो. ब्लाइंड (पानं बघण्याआधीच दोघांनी लावायच्या चिप्स) ५०-१००, आम्हा दोघांपुढेही १०,००० च्या चिप्स. मी डीलर बटनवर (फ्लॉपपासून पुढे पाळी सगळ्यांत शेवटी), तो माझ्या लगेच आधी. त्याने ३०० केले. मला बदाम राणी, इस्पिक राणी. मी ९०० केले. ब्लाइंडवाले दोघे गेले, त्याने २,४०० केले, मी कॉल केलं (तेवढेच लावले). फ्लॉप (मध्ये उघडलेली पहिली तीन पानं): किल्वर राजा, चौकट सत्ती, इस्पिक दुर्री. पॉट ४,९५०, त्यात त्याने २,५०० लावले. मी पानं टाकली, त्याने आपली दाखवली नाहीत.

प्री-फ्लॉपलाच (फ्लॉप उघडण्याआधी) ऑल-इन जायचं, म्हणजे सगळ्या चिप्स लावायच्या का? तो फक्त एक्के, राजे किंवा एक्का-राजा यांवरच २,४०० करत असेल, तर राण्या साधारण ४० टक्के वेळा जिंकतात. मग ऑल-इन तोट्याचं. पण हा गडी तेवढ्यावर थांबणारा नाही. बरं, नुसतं कॉल करावं, तर राण्या हातात असताना फ्लॉपवर एक्का किंवा राजा पडण्याची शक्यता ४१ टक्के. म्हणजे पाचात दोनदा हाच पेच, आणि तो प्रत्येक वेळी चिप्स लोटणार. अशा माणसासमोर चांगली पानं खेळायची तरी कशी, हे मनापासून समजून घ्यायचंय. ‘शेवटी नशीब’ हे उत्तर कृपया नको.

प्रतिसाद १

प्री-फ्लॉप कॉल योग्यच. ऑल-इन गेलात की त्याचे ब्लफ पळून जातील आणि एक्के-राजेवालाच थांबेल. अशा भिडूकडून मिळकत होते ती त्याच्या हलक्या पानांतून, ती डावात राहू द्या. शिवाय तुमची पाळी त्याच्यानंतर, हा मोठा फायदा.

फ्लॉपवर मात्र मी एकदा कॉल केलं असतं. ७,४५० मिळवायला २,५०० घालायचे, म्हणजे चारात एकदा जिंकलात तरी भागतं. आता मोजून बघा. एक राजा बोर्डवर गेला, उरले तीन. एक्का-राजा १२ प्रकारे, राजांची जोडी ३, एक्क्यांची ६. तुमच्या पुढे २१. गुलाम आणि दश्श्या यांच्या जोड्या १२ प्रकारे, त्या तुमच्या मागे. ३३ पैकी १२ म्हणजे ३६ टक्के, आणि निव्वळ ब्लफ अजून धरलेच नाहीत. गुलाम-दश्श्यांवर तो कधीकधी चेक करेल (काही न लावता पाळी सोडेल) हे खरं, पण ब्लफ ती तूट भरून काढतात.

धागाकर्ता

हे मोजणं फार कामाचं, आभार. पण टर्नला (मधल्या चौथ्या पानावर) त्याने उरलेले ५,१०० लोटले तर? आणि एक्के आल्यावर नुसतं कॉल करून दबा धरावा का?

प्रतिसाद १

टर्नला पॉट ९,९५० चा, म्हणजे भाव पुन्हा चारात एकाचाच. पण गुलाम-दश्श्या घेऊन सहसा कोणी दुसऱ्यांदा एवढं लावत नाही, त्या जोड्या गणितातून जवळपास गळतात. उरतात राजा-एक्केवाले आणि कोरे ब्लफ. त्याला फ्लॉपवर कोणी कॉल केल्यावर टर्नला तो पुन्हा लोटतो की थंड पडतो, हे दोन-तीन शनिवार इतरांच्या डावांतही बघा. थंड पडणारा असेल आणि तरी लोटलं, तर राण्या टाका. प्रत्येक वेळी लोटणारा असेल तर कॉल.

एक्क्यांवर दबा धरू नका, तोही सहा जणांत. एकट्यासमोर, त्याच्याकडे कुठलीही पानं धरली तर, एक्के सरासरी ८५ टक्के जिंकतात. पाचही जण आत शिरले तर निम्म्यावर येतात. री-रेज करा, हा गडी स्वतःच पुढचं रेज करेल.