शब्द हवा: ‘इंटिमेट केअर’ आणि ‘खासगी अवयव’

अनुजा
सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं), स्पायना बायफिडा (जन्मतःच मणका आणि मज्जारज्जू नीट न बनणं) असलेल्या आणि मज्जारज्जूला इजा झालेल्या १० ते १६ वयाच्या मुलामुलींसाठी शरीर, पाळी आणि सुरक्षितता या विषयांवर मराठी पुस्तिका तयार होते आहे. एका वाक्यापाशी काम अडलं आहे. शाळांमधल्या पुस्तिकांत असतं ते वाक्य: ‘तुमच्या खासगी अवयवांना कोणीही हात लावता कामा नये.’ ज्या मुलीला आई किंवा मदतनीस मावशी दर चार तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालते, तिच्यापुरतं हे वाक्य रोज पाच-सहा वेळा खोटं ठरतं. अशी मुलगी आईवर संशय घेत नाही, ती तो नियमच आपल्यासाठी नाही असं धरून चालते. खरा धोका तिथेच सुरू होतो.
दोन शब्द हवे आहेत. इंग्रजीत ‘इंटिमेट केअर’ म्हणतात, म्हणजे नळी, पॅड, डायपर, अंघोळ या कामांतली मदत, त्याला काय म्हणायचं? आणि ‘खासगी अवयव’ म्हणायचं, ‘गुप्तांग’ म्हणायचं, की आणखी काही?

टाकबोरू
पहिल्यासाठी ‘देहशुश्रूषा’. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूवरून आला, मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. ज्याची सेवा करायची त्याचं आधी ऐकायचं, हे त्या शब्दातच आहे. तुमच्या विषयाला याहून योग्य शब्द मिळणार नाही.

नीलिमा_फिजिओ
टाकबोरू दादा, व्युत्पत्ती सुंदर आहे, पण बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘देहशुश्रूषा’ बसणार नाही, आणि मदत करणाऱ्या मावशींच्या तर नाहीच. ‘स्वच्छतेची मदत’ लिहा. त्याहून चांगलं म्हणजे एकच मोठा शब्द न शोधता प्रत्येक कामाचं नाव घ्या: नळीची मदत, पॅडची मदत, संडासची मदत. काम नावाने ठरलं की त्याच्या पायऱ्या ठरतात, आणि पायऱ्या ठरल्या की पायरीबाहेरचा हात मुलाला ओळखता येतो.
उदाहरणार्थ नळीची मदत. ‘आता नळी घालते’ असं आधी सांगायचं. साबणाने हात धुवायचे. मुलींना पुढून मागे पुसायचं. नळीच्या टोकाला जेली लावायची, लघवी सुरू होईपर्यंत हळू आत सरकवायची, धार थांबली की सावकाश बाहेर काढायची, वेळ आणि प्रमाण वहीत लिहायचं, कपडे सारखे करायचे. यात चोळणं, फोटो काढणं, ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणं कुठेच येत नाही. मुलाला जेवढं जमेल तेवढं त्याच्याकडे द्या. हात चालत नसतील तरी ‘सुरू कर’ आणि ‘थांब’ हे दोन शब्द त्याचेच असले पाहिजेत.

गोदाकाठ
‘गुप्तांग’ नको याचं साधं कारण: त्याच पुस्तिकेत पुढे ‘स्पर्शाचं गुपित ठेवायचं नाही’ असं येणार. एकीकडे अंग गुप्त आणि दुसरीकडे गुपित ठेवू नको, हे मुलांच्या डोक्यात एकमेकांत मिसळतं. ‘गुह्यांग’ तर पोथीत शोभेल. सरळ नावं घ्या: शिश्न, वृषण, योनी, मूत्रद्वार, गुद.

नीलिमा_फिजिओ
पूर्ण सहमत, आणि हा नुसता मोकळेपणाचा मुद्दा नाही. ‘शूची जागा’ एवढंच माहीत असलेल्या मुलीला स्वतः नळी घालायला शिकवताना हमखास अडतं. तिथे तीन वेगळी द्वारं आहेत, वर मूत्रद्वार, त्याखाली योनीमुख, मागे गुद, हे तिला आरशात दाखवावं लागतं. नळी चुकून योनीत गेली तर लघवी येत नाही. तेव्हा घाबरायचं नाही. ती नळी खूण म्हणून तिथेच राहू द्यायची, दुसरी स्वच्छ नळी घेऊन तिच्या वरच्या द्वारात घालायची, मग पहिली काढायची. हे सांगायला ‘खालची जागा’ हा शब्द कसा पुरणार?

टाकबोरू
अवयवांना नावं द्या, पण ‘खासगी’ जपा. आणि कृपया ‘खाजगी’ लिहू नका. मूळ अरबी ‘खास’, आपल्याकडे फारसीतून आलेला. होळकरांच्या दौलतीत ‘खासगी’ आणि ‘दौलत’ असे दोन वेगळे हिशेब असत. अहिल्याबाईंचा दानधर्म खासगीतला. स्वतःच्या हक्काचं, दरबाराला ज्याचा हिशेब द्यावा लागत नाही असं, हा अर्थ या मुलांना नेमका हवा आहे.

घाटमाथा
‘खाजगी’ महाराष्ट्रभर पिढ्यान्‌पिढ्या बोललं आणि छापलं जातंय. फारसीतून आलेला शब्द मराठीत आल्यावर मराठीच्या जिभेने चालतो. ज्यांचा उच्चार आधीच अडखळतो त्या मुलांच्या पुस्तिकेत ‘स’ की ‘ज’ यावर अडून बसणं मला पटत नाही.

टाकबोरू
उच्चार काहीही असू द्या, छापताना प्रमाण रूप हवं. उद्या ‘योनी’चंही कुणी काही करेल.

विशेष_शिक्षक
तुम्ही दोघं ज्या शब्दावर भांडताय तो माझ्या विद्यार्थ्यांच्या संवादफलकावर मुळात नसतोच. न बोलणाऱ्या मुलांच्या फलकावर काय असतं? पाणी, भूक, संडास, टीव्ही, आई. अवयवांची नावं नसतात. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘मला काही सांगायचंय’ हेही बहुधा नसतं. म्हणजे मूल तक्रार करूच शकत नाही, आणि नंतर ‘काही बोलला नाही’ म्हणून विषय संपतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात अपंग मुलाचा जबाब घेताना त्याची संवादपद्धत जाणणाऱ्या माणसाची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद आहे. फलकावर चित्रच नसेल तर तो शिक्षक तरी काय वाचणार? पुस्तिकेच्या मागच्या पानावर कापून चिकटवता येतील अशी चित्रं द्या.
आणखी एक. मसुद्यात ‘संमती’ हा शब्द वापरला असेल तर बदला. ‘होकार’ लिहा.

घाटमाथा
‘संमती’ का नको? रुळलेला शब्द आहे.

विशेष_शिक्षक
रुळला तो कायद्यामुळे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून केवढा वाद पेटला होता, तेव्हापासून या शब्दाला लैंगिक संबंधांचा आणि वयाचा अर्थ चिकटलेला आहे. आजही १८ वर्षांखालच्या मुलाची संमती कायदा धरत नाही. मग त्याच पुस्तिकेत ‘नळी घालण्याआधी तुझी संमती घेतली पाहिजे’ असं लिहिलं की गोंधळ होतो. होकार रोजचा असतो, डोळे वर करूनही देता येतो, आणि मध्येच मागे घेता येतो. आता ज्या मुलाला नळी लागतेच, त्याच्या नकाराचं काय करायचं? नळी टाळता येत नाही, लघवी तुंबली तर मूत्रपिंडावर येतं. पण कोण घालणार, कुठे घालणार, पाच मिनिटं थांबायचं का, हे त्याला ठरवता येतं. नकाराला एवढी जागा तरी हवीच.

गोदाकाठ
पाळीच्या प्रकरणात काय शब्द घेतलेत? ‘अडचण’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’ यातलं काही येऊ देऊ नका. ‘पाळी’ पुरे. पाळी म्हणजे ठरावीक वेळाने परत येणारी खेप, रात्रपाळीतली तीच.

घाटमाथा
शब्द ‘पाळी’च, पण त्याबरोबर मजकूरही बघा. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलीचा रक्तस्राव मागच्या बाजूला जातो, म्हणून पॅड नेहमीपेक्षा मागे सरकवून लावायचं. जिथे स्पर्श कळत नाही तिथे पॅडची घडी किंवा कड तासन्‌तास रुतली तर जखम होते, आणि ती दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. दर वेळी नळीबरोबरच पॅड बदलायचं, रात्री आरशात त्वचा बघायची. बाजूने वेल्क्रोने उघडणारी चड्डी असेल तर आडवं न होताही पॅड बदलणं सोपं जातं.
‘पाळीत डोकं दुखतंच’ हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य मात्र चौकटीत लिहून खोडा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल तर पाळीच्या कळांनीसुद्धा रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम येतो. अशा वेळी तिला ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे आणि घट्ट कपडे सैल करा, नळी दुमडली आहे का, लघवी तुंबली आहे का, संडास साठला आहे का, या क्रमाने बघा. उतरलं नाही तर लगेच दवाखाना. आडवं पाडू नका, रक्तदाब आणखी चढतो.

अनुजा
हे सगळं घेते. मोठ्या मुलांच्या भागात मूळ मजकुरात कंडोम आहे. तिथे ‘निरोध’ लिहिलं आहे.

घाटमाथा
तिथेही शब्दच घात करेल. ‘निरोध’ हे १९६८ साली सरकारने आणलेल्या कंडोमचं नाव, पुढे त्या वस्तूचंच नाव झालं. तो रबराचा, म्हणजे लॅटेक्सचा. स्पायना बायफिडाच्या मुलांना जन्मापासूनच्या शस्त्रक्रिया आणि नळ्यांमुळे लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ‘लॅटेक्सरहित कंडोम’ असंच लिहा, पाकिटावर पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीन बघायला सांगा. हातमोजे नायट्रिलचे, नळी सिलिकॉनची किंवा पीव्हीसीची, आणि फुगेसुद्धा नकोत. फुग्याला हातही लागला नाही पण केळं खाऊन ओठ सुजले, तरी डॉक्टरांना लॅटेक्सबद्दल विचारा, कारण या दोन ॲलर्जी एकमेकींच्या सोबत येतात.

टाकबोरू
‘संततिनियमन’ हा र. धों. कर्व्यांच्या काळापासूनचा धडधाकट शब्द आहे, तो वापरा. आणि मुलग्यांच्या भागात ‘स्वप्नदोष’ असेल तर काढा. त्यात दोष काही नाही.

गोदाकाठ
बदली काय?

टाकबोरू
‘स्वप्नस्खलन’.

नीलिमा_फिजिओ
‘झोपेत वीर्य येणं’. मुलगा सकाळी चादर बदलायला दुसऱ्याला सांगणार आहे, त्याला उच्चारता येईल असं काहीतरी द्या. आणि मदतनिसाने रागवायचं नाही, हेही त्याच ओळीत.

अनुजा
नाव, काम आणि माणूस असा तक्ता करते आहे: कोणती मदत, कोण करणार, कोण करणार नाही. पण ‘इंटिमेट केअर’चा शब्द अजून तसाच आहे.

विशेष_शिक्षक
तक्त्यात एक काळजी घ्या. वसतिगृहात आणि घरी मदतनिसांना आपण ‘मावशी’, ‘मामा’, ‘काका’ म्हणतो. मुलाला शिकवलेलं असतं की घरचे लोक चालतात. मग बदलीवर आलेला नवा ‘मामा’ही घरचाच ठरतो. तक्त्यात नात्याचा शब्द लिहू नका, फोटो आणि पूर्ण नाव लिहा. माणूस बदलला की फोटो बदला, आणि तो मुलासमोरच बदला.

टाकबोरू
पण मुलाने हाक काय मारायची? ‘मावशी’ म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण. नावाने हाक मारली तर आपल्याकडे उद्धट वाटतं.

नीलिमा_फिजिओ
सुनंदामावशी म्हणेल. फोटोखाली ‘सुनंदा’ ठळक छापा, ‘मावशी’ बारीक.

टाकबोरू
‘सुनंदा मावशी’ तोडून की जोडून?