पेशवाईतल्या रहस्यकादंबऱ्या वाचताना वेळ, चंद्र आणि कागद कसे तपासायचे?

पानवाचक

नमस्कार मंडळी,

शिवकाळ आणि पेशवाई यांच्या पार्श्वभूमीवरच्या रहस्यकादंबऱ्या हल्ली मराठीत बऱ्याच येताहेत. विषय मनापासून आवडीचा, त्यामुळे नवीन पुस्तक दिसलं की हात जातोच. पण वाचता वाचता एक गोष्ट सारखी खटकते. काळ असतो तो फक्त पगडी-अंगरख्यात. मारेकरी 'पाच मिनिटांत' वाड्याबाहेर पडतो, हेर भर पावसाळ्यात एका दौडीत सातारा गाठतो, विषाचा एक घोट घेतला की माणूस जागच्या जागी कोसळतो, आणि शेवटी सगळा उलगडा होतो तो पत्रातल्या एका स्वल्पविरामावरून.

चरित्रात्मक कादंबरीत अशी एखादी चूक मी पोटात घालतो, कारण तिथे आपण त्या माणसासाठी वाचत असतो. रहस्यकादंबरीत नाही घालता येत. इथे वाचक तपशिलावर तपशील ठेवत तर्क बांधतो. तपशील खोटा निघाला की कोडंच खोटं ठरतं.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, वेळ आणि अंतर पटकन कसं पडताळायचं? दोन, जुन्या पत्रातला पुरावा कधी खरा मानायचा? आणि तीन, नारायणराव पेशव्यांच्या खुनासारख्या घटनेचा शेवट सगळ्यांना ठाऊक असताना त्यावर उत्कंठा टिकेल अशी कादंबरी होऊ शकते का?

चंद्रकोर

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

वेळेचं कोष्टक एकदा डोक्यात बसलं की पुरे. दिवस-रात्र मिळून ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. घटकेची ६० पळं, एक पळ २४ सेकंदांचं. प्रहर साडेसात घटकांचा, साधारण तीन तास. घटका मोजायची ती पाण्यावर सोडलेल्या घटिकापात्राने: तांब्याची वाटी, बुडाशी बारीक भोक, भरून बुडाली की एक घटका झाली आणि ठोका पडला. त्यामुळे 'बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी दोघांनी दोन दरवाज्यांवर हल्ला केला' हे त्या काळी जमणारं काम नव्हतं. जमायचं ते ठोक्यावर, तोफेवर, चंद्र उगवण्यावर किंवा एखाद्या देवळाच्या आरतीवर. लेखकाने ही अडचण स्वीकारली तर तिच्यातूनच चांगलं कोडं निघतं. घटिकापात्राचं भोक कुणी किंचित मोठं केलं तर वाटी लवकर बुडेल, ठोका लवकर पडेल आणि पहारा वेळेआधी बदलेल. मग साक्षीदार खरं बोलत असूनही त्यांच्या जबान्या चुकीच्या ठरतील.

आता चंद्र. कादंबरीत तिथी दिली असेल तर चांदणं लगेच तपासता येतं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे दर तिथीला साधारण दोन घटका उशीर होत जातो. वद्य चतुर्थीला म्हणून रात्री नऊच्या आसपास, संकष्टीचा उपास करणाऱ्या घरांत हे सांगावं लागत नाही. वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. शुद्ध अष्टमीला सूर्यास्ताला डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. शुद्ध त्रयोदशीला 'काळ्याकुट्ट अंधारात' कुणी भिंत चढत असेल तर लेखकाने आभाळ भरून आलेलं तरी दाखवायला हवं.

अंतराचंही असंच. पुणे-सातारा साधारण ११० किलोमीटर, म्हणजे पस्तीसेक कोस. घोडा भरधाव पळतो तो काही किलोमीटर. नंतर दुडकी, मग चाल. रोजच्या मजलीला ४० ते ५० किलोमीटर ही चांगली मजल. रातोरात सातारा गाठायचा तर वाटेत ताजे घोडे ठेवलेले हवेत, कात्रज आणि खंबाटकी चढायला हवेत, आणि पावसाळ्यात नीरेला पूल नाही, नावेची वाट बघायची. नावाड्याने उशीर केला, एवढ्या एका गोष्टीवर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

बोरू_आणि_शाई

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

स्वल्पविरामाचा पुरावा सरळ बाद करा. मोडीत विरामचिन्हं नसतात, दोन शब्दांत जागा सोडायचीही पद्धत नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. म्हणून 'शुद्धलेखनाच्या चुकीवरून गुन्हेगार ओळखला' हेही पेशवाईतल्या पत्रात बसत नाही. त्याऐवजी हात ओळखता येतो: अक्षराचं वळण, बोरूच्या टोकाची जाडी, शाई कुठे संपली आणि बोरू पुन्हा कुठे बुडवला. दौतीत बोरू बुडवल्यावर पहिली काही अक्षरं गडद उमटतात, मग फिकट होत जातात. ओळीच्या मधोमध, फिकट अक्षरांमध्ये एकच अक्षर गडद असेल तर तिथे कुणाचा तरी हात मागाहून फिरला आहे. मला विचाराल तर या एका निरीक्षणावर मी पूर्ण कादंबरी आनंदाने वाचेन.

'ध'चा 'मा' ही आख्यायिकासुद्धा अशी तपासून पाहा. 'धरावे'चं 'मारावे' करायचं तर अक्षर बदलून भागत नाही, कान्यालाही जागा लागते. शब्द एकमेकांना चिकटलेले, वर शिरोरेघ आधीच ओढलेली. ती जागा आली कुठून? कादंबरीकाराने याचं उत्तर द्यावं, निदान प्रश्न तरी पात्राच्या तोंडी घालावा. बहुतेक ठिकाणी नुसतं 'अक्षर बदललं' म्हणून पुढे जातात आणि हातातला सगळ्यात चांगला प्रसंग वाया घालवतात.

पत्रात मागाहून मजकूर घालू नये म्हणून तजवीज असायची. वर शिक्का आणि मजकूर संपला की मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा असते. तिचा अर्थच मजकुराची हद्द इथे संपली. लांब कागद जोडून केलेला असेल तर सांध्यांवरही शिक्के मारत. बनावट पत्राची गोष्ट रचायची असेल तर या सगळ्यातून वाट काढावी लागते आणि त्यातच मजा आहे.

तारखा हा तर सोन्याचा साठा. मराठी पत्रात सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातलं वर्ष, अरबी शब्दांत येतो, एकक आधी आणि हजार शेवटी: 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे ४, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७४. मृग लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११७४ हा सन १७७३-७४ चा. इंग्रजांच्या वखारींचे कागद १७५२ पर्यंत जुन्या पंचांगाने चालत, सतराव्या शतकात आजच्या पंचांगाच्या १० दिवस मागे, अठराव्यात ११. शिवाय त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट त्यांच्या कागदांत १६६३ सालाखाली दिसते. गोव्याचे पोर्तुगीज मात्र तोवर नव्या पंचांगावर आलेले होते. एकाच दिवशी लिहिलेल्या इंग्रजी आणि पोर्तुगीज पत्रांत दहा दिवसांचं अंतर! 'मी त्या तारखेला तिथे नव्हतोच' म्हणणाऱ्या संशयिताला यापेक्षा चांगला आसरा कुठला मिळेल?

पानवाचक

@बोरू_आणि_शाई, गडद अक्षराचं अगदी पटलं. शिक्के आणि मोर्तब यांचा उल्लेख वाचलेल्या पुस्तकांत सापडतो, पण तो शोभेपुरता. कथानकात त्याचा उपयोग करून घेतलेला फार क्वचित दिसला. विष आणि बंदुकीबद्दल कुणी सांगेल का?

तोडा_पेटता

थोडक्यात सांगतो.

तोड्याच्या बंदुकीत पेटता तोडा लागतो. तो अंधारात लाल दिसतो आणि जळक्या सुताचा वास वाऱ्यावर दूर जातो. दबा धरून बसलेल्याचा घात नेमका यानेच होतो. एकदा बार उडाला की पुन्हा दारू घालायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कानात, म्हणजे बत्तीच्या भोकात, रंजक (पेट घेणारी बारीक दारू) भरायची. अर्धं ते एक मिनिट जातं. एकाच माणसाने लागोपाठ तीन गोळ्या झाडल्या असं लिहिलं असेल तर जवळ भरलेल्या तीन बंदुका हव्यात. पाऊस असेल तर रंजक भिजते, तोडा विझतो. काडेपेटी मात्र कुणाच्याही हातात देऊ नये. ओढून पेटणारी काडी १८२७ मधली, तीही इंग्लंडातली. आपल्याकडे तेव्हा चकमक आणि कापूस.

सोमलाने (आर्सेनिकने) माणूस घोट घेताच पडत नाही. आधी पोटात आग, मग उलट्या-जुलाब, आणि हे तासन्‌तास चालतं. बघणाऱ्याला पटकीच वाटते. म्हणूनच ते मारेकऱ्याच्या सोयीचं. प्रेतात सोमल सापडल्याचं खात्रीने दाखवणारी रासायनिक परीक्षा १८३६ मध्ये आली, तोवर संशय हा संशयच राहायचा. बचनाग हे विषारी मूळ जास्त लवकर भिनतं: आधी जिभेला आणि ओठांना मुंग्या, मग बधिरपणा, पुढे नाडी बिघडते. जेवता जेवता एखादं पात्र 'जिभेला काही कळेना' म्हणालं, तर जाणत्या वाचकाला तिथेच इशारा मिळतो आणि बाकीचे तो मिरचीचा तिखटपणा समजून पुढे जातात. इशारा असाच हवा, सगळ्यांसमोर ठेवलेला.

शनिवारचा_झरोका

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम 'हो' आहे.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार, गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी, म्हणजे पेशव्यांचे पगारी शिपाई, शनिवारवाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या पेशव्याला भर दुपारी मारलं. कोण मेलं, कुणी मारलं, हे पहिल्या पानावरच सांगून टाकावं. उत्कंठा त्यात नाहीच. खरे प्रश्न पुढचे. नजरकैदेत असलेल्या रघुनाथरावांपर्यंत, म्हणजे पेशव्याच्या काकांपर्यंत, गारद्यांचा निरोप पोचवत कोण होतं? पुण्यात कुणाकुणाला आधी कुणकुण होती आणि कोण गप्प बसलं? तपास न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांकडे आणि पेशवेपदी बसणार तोच ज्याच्यावर संशय. असा पेच कल्पनेनेही सुचायचा नाही. साक्षीदार कुणासमोर आणि कशाच्या भरवशावर बोलणार?

कादंबऱ्या बहुधा खुनाशी किंवा रामशास्त्र्यांच्या निवाड्याशी थांबतात. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवलं आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म झाला. खुनापासून साडेसात महिने सगळं राजकारण एका न जन्मलेल्या मुलावर टांगलेलं होतं. मुलगा की मुलगी, जगेल की नाही, गडावर कोण चढलं, कुणी काय पाठवलं, जेवण आधी कुणी चाखलं. रहस्यकादंबरीचा उत्तरार्ध इथे तयार आहे.

एक पथ्य मात्र हवं. निवेदन एखाद्या पात्राच्या डोक्यातून चालू असेल तर त्या पात्राला माहीत असलेली गोष्ट वाचकापासून लपवू नये. शेवटच्या प्रकरणात 'खरं तर तिला सुरुवातीपासून ठाऊक होतं' असं सांगणं ही सरळ फसवणूक आहे. कारकून, दिवटीवाला, पाणक्या असा कमी माहिती असलेला निवेदक घेतला की ही अडचण येत नाही.

फडावरची_भाषा

वरच्या सगळ्याला दुजोरा, फक्त भाषेबद्दल थोडं वेगळं मत आहे. काळ दाखवायचा म्हणून सगळे संवाद बखरीच्या वळणाने लिहिले तर वीस पानांत दम लागतो. उलट 'सुरक्षा', 'नियोजन', 'गुप्तहेर यंत्रणा' असे शब्द आले की आजचं कार्यालय डोळ्यांसमोर येतं. निवेदन आजच्या मराठीत ठेवावं आणि कामाचे दहा-पंधरा शब्द नेमके वापरावेत. खून, गुन्हा, कैद, फिर्याद, जामीन, मुचलका, फितुरी, गुन्ह्याची जवळपास सगळी बोली फारसी-अरबीतूनच आली आहे. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. म्हणजे रोजच्या कारभारात फारसी किती मुरली होती ते बघा. ती उपटून टाकली तर चौकशीचा प्रसंगच मुका होतो.

पानवाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. @शनिवारचा_झरोका, पुरंदरावरच्या कल्पनेबद्दल एक शंका. गडाच्या कारभाऱ्यांत एकच फितूर दाखवला तर चालेल का?

शनिवारचा_झरोका

एकट्याने अवघड. शिवकाळापासूनची घडी अशी की हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांची कामं वेगळी: दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य-कोठार कारखानिसाकडे. रात्री दरवाजा उघडायचा तर हवालदार लागतो, हजेरीतला जास्तीचा माणूस लपवायचा तर सबनीस, आणि जेवणात काही मिसळायचं तर कोठाराची वाट कारखानिसाकडून जाते. दोघं फितूर दाखवा आणि तिसऱ्याला हिशेबात दोन पायली तांदूळ जास्त गेलेले दिसू द्या.