विद्यापीठाचा ईमेल पहिल्यांदाच उघडतेय, 'खातं सापडलं नाही' येतंय

अशोकचौकातली_शिलाई (मंगळवार, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी शिक्षण परत धरलंय. एम. ए. मराठी, पहिलं वर्ष. घरीच शाळेच्या गणवेशांची शिलाई करते, त्यामुळे मशीन थांबल्यावर रात्रीच या गोष्टींना वेळ मिळतो.

गेल्या आठवड्यात विभागातून चिठ्ठी मिळाली. माझ्या नावाचा विद्यापीठाचा ईमेल आणि खाली पेनाने लिहिलेला तात्पुरता पासवर्ड. परीक्षेच्या सूचना, वेळापत्रक सगळं आता यावरच येणार म्हणाले. एक गुगल फॉर्मही याच ईमेलवरून शनिवारपर्यंत भरायचाय.

जीमेल उघडून चिठ्ठीवरचं नाव टाकलं तर 'खातं सापडलं नाही'. व्हॉट्सॲपवर आलेली फॉर्मची लिंक दाबली तर 'परवानगी हवी'. चार रात्री झाल्या. सासूबाई विचारतात, "एवढा वेळ फोनमध्ये काय करलालीस?" त्यांना काय सांगू!

फोन घरात एकच, सातवीतला मुलगाही तोच वापरतो. माझा जुना जीमेल ३ वर्षांपूर्वी एका नेटकॅफेवाल्याने काढून दिला, तेव्हा ओटीपीसाठी त्याने स्वतःचाच नंबर टाकला. मला तेव्हा कळलं नाही. अजून तोच नंबर आहे. म्हणून या वेळी कुणाच्या हातात फोन द्यायचा नाही, स्वतःच शिकायचंय. कुणी नीट समजावून सांगाल का?

लॅबमधला_दादा (बुधवार, सकाळी ८.०५)

ताई, मी इथल्याच एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोज दहाजण हाच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा तुमचं काही चुकलंय असं मनात आणू नका.

तुम्ही बहुतेक ॲटच्या आधीचं नावच टाकलंत. नुसतं नाव दिलं की गुगल त्यापुढे जीमेल डॉट कॉम आहे असं धरून चालतं आणि त्या नावाचं खातं शोधतं. तुमचा पत्ता विद्यापीठाच्या नावाने संपतो. चिठ्ठीवरचा पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत टाका. (फॉर्म गुगलचा आहे म्हणजे मेलही गुगलवरच असणार. कुणाच्या विद्यापीठाने मायक्रोसॉफ्टकडे ठेवला असेल तर त्यांना आउटलुकच्या पानावर जावं लागेल.)

पासवर्ड हाताने लिहिलेला आहे, तिथेही लोक अडकतात. शून्य की कॅपिटल ओ, एक की स्मॉल एल, दोन्ही करून बघा. फोनचा कीबोर्ड कधीकधी पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो, आणि सुचवलेला शब्द दाबला तर शेवटी एक रिकामी जागा सोडू शकतो. ती दिसत नाही, पण पासवर्ड चुकतो. डोळ्याचं चिन्ह दाबून काय टाइप झालंय ते बघा.

आत गेल्यावर नवा पासवर्ड मागेल. मुलाचं नाव, जन्मतारीख नको. किमान ८ अक्षरं लागतात, तुम्ही १२ च्या वर ठेवा आणि घरच्या वहीत लिहा. हा पासवर्ड विसरलात तर बहुतेक वेळा विद्यापीठाचा आयटी विभागच बदलून देतो.

आता फॉर्म. तो फक्त विद्यापीठाच्या खात्यांसाठी उघडा आहे. व्हॉट्सॲपवरून लिंक दाबली की ती फोनमधल्या जुन्या जीमेलवर उघडते, म्हणून परवानगी मागते. फोन मुलाच्याही हातात असतो, तर तुम्ही जीमेलच्या ॲपच्या नादी लागू नका. क्रोममध्ये इनकॉग्निटो (म्हणजे खासगी) टॅब उघडा, तिथे विद्यापीठाच्या मेलमध्ये शिरा, मग लिंक कॉपी करून त्याच्याच शेजारच्या टॅबमध्ये पेस्ट करा. काम झालं की इनकॉग्निटोचे सगळे टॅब बंद करा, खातं आपोआप बाहेर पडतं. यात नवा मेल आल्याची घंटी वाजत नाही, तेव्हा रोज एकदा उघडून बघावं लागेल. स्पॅमसुद्धा बघत जा, ३० दिवसांनी तिथलं पुसलं जातं.

पण सगळ्यात आधी, आजच, तो नेटकॅफेवाल्याचा नंबर काढा. जुन्या जीमेलच्या खात्यात सुरक्षा या भागात रिकव्हरी फोन (खातं परत मिळवताना ज्यावर कोड येतो तो नंबर) असतो. तिथे तुमचा नंबर टाका, मग पासवर्ड बदला. 'तुमची डिव्हाइस' मध्ये ओळखीचं नसेल ते साइन आउट करा. नंबर बदलला तरी गुगल पुढचे ७ दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय ठेवू शकतं, म्हणून यात एक दिवसही घालवू नका.

बार्शीच्या_बाई (बुधवार, दुपारी ३.४०)

बाळ, ३० वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. तुझं वाचून फार बरं वाटलं.

दादांनी सांगितलंच आहे, मी मेल लिहिण्याबद्दल सांगते. मुलं विषयाची ओळ रिकामी सोडतात आणि मग उत्तर आलं नाही म्हणून बसून राहतात. कार्यालयात दिवसाला शेकडो मेल येत असतील, तुझा कशाबद्दल आहे ते उघडण्याआधी कळायला हवं. 'एम. ए. मराठी भाग १, पीआरएन अमुक, फॉर्ममधील नावात दुरुस्ती' एवढं पुरे. (पीआरएन म्हणजे तुझा विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक.) खाली पूर्ण नाव, वर्ग, फोन नंबर. मराठीत बिनधास्त लिही, फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी जोडता येतं.

गुणपत्रिकेचे फोटो एकेक करून नको, सगळ्यांची एकच पीडीएफ कर. जीमेलवर २५ एमबीपर्यंतचीच फाइल जोडता येते.

होस्टेलवाला_सांगोला (बुधवार, रात्री ९.१५)

एक राहिलं. शिक्षण संपलं की विद्यापीठ हे खातं बंद करू शकतं. माझ्या एका सीनियरचे प्रोजेक्टचे सगळे कागद त्यातच राहिले. बँक, आधार, नोकरीचे अर्ज यांना स्वतःचाच जीमेल द्या.

अशोकचौकातली_शिलाई (गुरुवार, रात्री १२.१०)

उघडलं!!

पूर्ण पत्ता टाकल्यावर खातं लगेच सापडलं. पासवर्डमध्ये मी ज्याला शून्य समजत होते तो ओ निघाला. आत ९ मेल पडून होते. त्यातला एक बुधवारच्या तासाची वेळ बदलल्याचा, सोमवारीच आलेला. मी सकाळी जुन्याच वेळेला जाऊन रिकाम्या वर्गात बसून आले होते.

नेटकॅफेवाल्याचा नंबर बुधवारीच काढला. डिव्हाइसच्या यादीत एक अनोळखी कॉम्प्युटर होता, तोही साइन आउट केला. बघून अंगावर काटा आला. ३ वर्षं ते खातं तिथे उघडं होतं की काय!

बाई, तुमचं 'बाळ' वाचून डोळे भरले. दादा, फॉर्मही भरला. वर विद्यापीठाचाच पत्ता दिसतोय ना, ते दोनदा वाचूनच सबमिट दाबलं.

लॅबमधला_दादा (गुरुवार, सकाळी ७.५०)

छान झालं ताई. फॉर्मची पोच मेलवर आलीय का बघा. आली असेल तर शनिवारच्या आत तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.