क्रूझर घ्यायचीय, पण कोणत्या घाटणीची? (रोजचं लातूर ते औशापुढं)

गुरुजी_लातूर

राम राम मंडळी. वय 43, उंची पाच फूट चार इंच, वजन विचारू नका. राहायला लातुरात, शाळा औशाच्या पुढं. जाऊन-येऊन रोजचे 62 किलोमीटर. औशापर्यंत चौपदरी, त्यापुढं अकरा किलोमीटर जे काही आहे त्याला कागदावर रस्ता म्हणतात. महिन्यातून एकदा बायकोला डबलसीट घेऊन अंबाजोगाई, सासरवाडी.

2001 ला कावासाकी-बजाजची एलिमिनेटर ही क्रूझर आली तवा मी डी.एड.ला होतो. आमच्या गल्लीत एकाकडं होती. तो पाय लांब करून, हात पसरून असा निवांत जायचा की आपण सायकलवर आहोत याची लाज वाटायची. ते डोक्यातून गेलंच नाही. आता चौदा वर्षांची 100 सीसी कुरकुर करायलीय, तर म्हटलं यंदा घेऊनच टाकू.

अडचण अशी की पोरगं म्हणायलंय बॉबर घ्या, शोरूमवाला म्हणायलाय थोडं ताणा अन् 650 सीसीची घ्या, आणि मला स्वतःला काहीच कळंना. बजेट अडीच लाख. वापरणाऱ्यांनी सांगा.

पैनगंगाकाठ

सर, चांगली राखलेली बजाजची जुनी अ‍ॅव्हेंजर 220 बघा. सीट 737 मिलिमीटर, म्हणजे तुमचे दोन्ही पाय टेकून वर गुडघा वाकंल. वजन 163 किलो. आणि काम निघालं तर कुठल्याबी तालुक्याच्या गावात मिस्त्री तिला हात लावतो, दुसऱ्या गावाला पाठवत नाही. उरलेल्या पैशात सोयाबीनचं बी घ्या.

तेरणेचा_वारा

गुरुजी, मॉडेलचं नाव जरा बाजूला ठेवा. तुमचे 62 किलोमीटर फोडा: 40 सरळ, 22 खड्डे. क्रूझरचं सगळं कौतुक त्या 40 मधलं असतंय आणि भोगणं त्या 22 मधलं.

मी पाय पार पुढं टाकून बसायची गाडी चार वर्षं वापरली. कोणती ते सांगत नाही, गाडीचा दोष नव्हता, माझ्या रस्त्याला ती नव्हती. धाराशिव-सोलापूरला लोण्यावानी जायची. चाकांत अंतर जास्त, पुढचा फोर्क तिरपा, त्यामुळं सरळ रेषेत हात सोडून बसावं अशी. पण साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण काय करतो, आठवा. नकळत फुटरेस्टवर जोर देतो, सीटवरून दोन बोटं वर उठतो, दणका गुडघ्यात जिरतो. पाय पुढं असले की बुडाखाली जोर द्यायला काही उरतच नाही. दणका सरळ माकडहाडात. त्यात सीट खाली ठेवायची म्हणून मागचा शॉकअप बहुतेक क्रूझरला आखूडच.

गेल्या ऑक्टोबरात गावाकडं निघालो होतो. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, कडेनं दगडांची ओळ. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून गाडी मुरमात उतरवली. बायको मागं, तिच्या मांडीवर लाडवांचा डबा. परत वर चढवायला हँडल वळवलं तर लांब गाडी, वळायला जागा पुरंना. पुढचं चाक चढलं, मागचा शॉकअप पार बसला आणि पोट दगडावर घासत गेलं. आवाज असा की राखण बसलेली म्हातारी उठून उभी राहिली. "फुटलं का काय ओ?" बायको म्हणाली, "माझी कंबर." आठ दिवसांत गाडी विकली.

आता तुमच्या पोराचं. बॉबर म्हणजे मुळात एकट्याची गाडी. जावा 42 बॉबरला मागं सीटच नाही. रॉयल एनफिल्डच्या गोअन क्लासिकला मागची सीट लावता-काढता येते, पण त्यावर अंबाजोगाईपर्यंत वहिनींना बसवून बघाच. साडी नेसून बसणारं माणूस असलं की तीन गोष्टी बघायच्या: जाळी, धरायला कडी आणि मागच्या फुटरेस्टची उंची. फुटरेस्ट वर असले की गुडघे छातीशी येतात, दहा किलोमीटरात चहाला थांबा म्हणतात.

650 चं म्हणाल तर एनफिल्डचीच सुपर मीटिअर 241 किलो, पोटाखाली मोकळी जागा 135 मिलिमीटर, मागच्या शॉकअपला खालीवर व्हायला 101 मिलिमीटर. तुळजापूर-नागपूर हायवेला रोज पळणाऱ्यानं घ्यावी, मी नाही म्हणत नाही. तुमच्या अकरा किलोमीटरला ती नको. शिवाय सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के, त्याच्या वर 40. शोरूमवाल्याचं "थोडं ताणा" तिथं लई ताणतं.

तुम्हाला मधली घाटणी लागते: पाय किंचितच पुढं. एनफिल्डचीच मीटिअर 350 तशी आहे. सीट 765, खालून 170 मिलिमीटर मोकळी, बहुतेक प्रकारांत चाकं अलॉय, ट्यूबलेस टायर. गिअर टाच-चवड्याचा, म्हणजे शाळेचा काळा बूट वरून खरवडत नाही. मागच्या शॉकअपला सहा टप्पे आहेत. डबलसीट निघालात की टूलकिटातल्या पान्यानं दोन टप्पे चढवा, परत आल्यावर उतरवा. आमच्याकडं हे कुणीच करत नाही आणि मग गाडी बसते म्हणून ओरडतात.

आणि पाय सरळ खाली हवे असतील तर क्लासिक 350 किंवा होंडाची हायनेस. त्या क्रूझर नव्हेत, पण खड्ड्याला बऱ्या. सीट मात्र 800 च्या वर-खाली, तुमचे चवडेच टेकतील.

वेरूळवाली

सर, मी पाच फूट एक इंच, दोन वर्षांपासून मीटिअर चालवायलेय. वरचं सगळं पटलं, एक भर घालते. सीटच्या उंचीवर सगळे बोलतात, वजनावर कुणी बोलत नाही. चालू गाडीचं 191 किलो कळत नाही. कळतं ते उतारावर तोंड खाली करून लावल्यावर, मागं ढकलताना. पहिल्या महिन्यात बँकेसमोर मी तशी अडकले, दोन पोरांना हाक मारावी लागली. तेव्हापासून शेपूट उताराकडं करूनच लावते. शोरूममध्ये गाडी बंद करून, बसल्या-बसल्या पायानं दहा पावलं मागं नेऊन बघा. तिथले हसतील, हसू द्या.

गुरुजी_लातूर

सगळ्यांचे आभार. रविवारी बायकोला घेऊनच गेलो. शोरूमवाल्यानं सिग्नलपर्यंत अन् परत, एवढीच टेस्ट राइड दिली. त्यात काय कळतंय? मग आमच्या केंद्रातल्या एका सरांकडं मीटिअर आहे, त्यांची मागून सोमवारी शाळेला नेली. आमच्या ओढ्याच्या पुलाअलीकडं ओळीनं तीन खड्डे आहेत, तिथं मुद्दाम घातली. पहिल्याला दणका बसला. दुसऱ्याला उठायचं लक्षात आलं, अर्धा उठलो. पुरा नाही उठता येत, तेरणेचा वारा म्हणतात ते खरंय, पण माकडहाड शाबूत आहे. दहा पावलं मागंही नेली, पोरं गॅलरीतून बघत होती.

संध्याकाळी बायकोला औशापर्यंत नेलं. ती बसल्या-बसल्या म्हणाली, "आता पाठ टेकायला काहीतरी लावून घ्या." म्हणजे होकारच समजायचा.

100 सीसी विकत नाही. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक फिरंना होतं, काठीनं उकरावं लागतं. तेवढे चार महिने तीच.

पोरगं दोन दिवस झाले बोलंना.

पैनगंगाकाठ

त्याला 100 सीसीची चावी द्या, बोलंल.