शब्दचर्चा: हेर आणि डिटेक्टिव्ह, दोघेही 'गुप्तहेर'?

उंबरठा
एका रहस्यकादंबरीचा अनुवाद चालू आहे. काळ १९४७, गाव लॉस एंजेलिस. नायक युद्धाच्या काळात ओएसएसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या हेरखात्यात होता. ट्रुमन यांनी १ ऑक्टोबर १९४५ पासून ते खातं गुंडाळलं. आता याचं स्वतःचं ऑफिस आहे. बायकांच्या सांगण्यावरून नवऱ्यांवर पाळत ठेवणं, पळून गेलेल्यांना शोधणं, विम्याचे खोटे दावे पकडणं, असली कामं करतो.

पहिल्याच प्रकरणात तो म्हणतो की पूर्वी मी सरकारसाठी हे करायचो, आता दिवसाला २५ डॉलर आणि वरखर्च घेऊन ते करतो. मी युद्धातल्या कामाला 'हेर' आणि आताच्या कामाला 'खाजगी गुप्तहेर' लिहिलं. संपादकांचं म्हणणं, दोन्ही शब्द एकच आहेत, वाचक गोंधळेल. शिवाय 'खाजगी' नको, 'खासगी' करा. याच मजकुराचं श्राव्य पुस्तकही होणार आहे, म्हणजे शब्द तोंडात बसायला हवा. तुम्ही काय वापराल?

जुनाबाजार
'गुप्तहेर' ठेवा. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांच्या पिढ्या या शब्दावर वाढल्या, त्यांचा कधी गोंधळ झाला नाही. मराठीत 'गुप्तहेरकथा' म्हटलं की गुन्ह्याचा तपासच डोळ्यांसमोर येतो. आणि 'हेर' हा 'हेरणे'मधला. हेरणे म्हणजे गर्दीतून नेमकं टिपणे. 'गिऱ्हाईक बरोबर हेरलंस' म्हणतो तेव्हा त्यात परदेशी सरकार कुठे असतं? मुळात हा शब्द डिटेक्टिव्हलाच जास्त शोभतो.

तिरपी रेघ
संदर्भ एकच असेल तेव्हा चालतं. इथे एका वाक्यात दोन्ही धंदे शेजारी शेजारी आहेत. खरी अडचण 'गुप्त'ची आहे. या माणसाचं काहीच गुप्त नाही. दाराच्या धुरकट काचेवर नाव रंगवलेलं, टेलिफोन डिरेक्टरीत नंबर, खिशात राज्याचा परवाना. त्याला 'गुप्त' म्हटलं की वाचक त्याच्या मागे सरकारी बळ आहे असं धरून चालतो. पण याला सामान्य नागरिकापेक्षा फारसे अधिकार नाहीत. दार उघडायला लावता येत नाही, जबाब सक्तीने घेता येत नाही. असल्या कादंबऱ्यांतला सगळा ताण त्यातूनच येतो.

माझ्या मते एकच शब्द सगळीकडे लावायचा हट्ट सोडा. काचेवर 'खासगी तपास'. अशिलाच्या तोंडी 'डिटेक्टिव्ह', १९४७च्या मुंबईतल्या मराठी माणसानेही तेच म्हटलं असतं. पोलिसाच्या तोंडी हिणकस काहीतरी. आणि नायक स्वतःबद्दल बोलतो तिथे नाम टाळून क्रियापद: "मी तपास करतो." तुमचं अडलेलं वाक्य असं होईल: "युद्धात मी हेरगिरी केली. आता लोकांच्या नवऱ्यांवर पाळत ठेवतो." 'पाळत' हा त्या धंद्याचा नेमका शब्द आहे. कॅलिफोर्नियात १९७०पर्यंत घटस्फोटासाठी जोडीदाराचा दोष दाखवावा लागे. न्यूयॉर्कमध्ये तर १९६६चा कायदा होईपर्यंत व्यभिचार हेच एक कारण धरलं जाई. या मंडळींची चूल खुनांवर नाही, पाळतीवर पेटायची.

माडाखाली
इंग्रजीत असल्या डिटेक्टिव्हला 'प्रायव्हेट आय' म्हणतात, त्यातला डोळा कोणी विचारात घेतलाच नाही. पिंकर्टन या अमेरिकेतल्या खासगी तपास एजन्सीचं चिन्ह उघडा डोळा होतं आणि खाली ब्रीद, आम्ही कधी झोपत नाही. काही जण हा डोळा 'इन्व्हेस्टिगेटर'च्या पहिल्या अक्षरातून आला असंही सांगतात, दोन्ही मतं चालतात. आपल्याकडे डोळ्याचा शब्द तयार आहे: नजरबाज. बहिर्जी नाईकांबद्दल बोलताना 'जासूद' आणि 'नजरबाज' दोन्ही सर्रास येतात. 'खासगी नजरबाज' करून पाहा.

मूळ इंग्रजीत पोलिसाच्या तोंडी डिटेक्टिव्हसाठी जो 'गमशू' असेल, तो रबरी तळाच्या, आवाज न करणाऱ्या बुटांवरून आला. 'मांजरपावल्या' म्हणा. मांजरपावलांनी येणं आपण म्हणतोच.

जुनाबाजार
'मांजरपावल्या' छान. 'नजरबाज' नको. तो शब्द शिवकालाचा वास घेऊन येतो, लॉस एंजेलिसच्या बंकर हिलवर फेटा बांधलेला माणूस दिसू लागतो. आणि 'खाजगी'त चूक काय आहे? बोलताना अर्धा महाराष्ट्र 'खाजगी'च म्हणतो.

तिरपी रेघ
मूळ 'खास'. त्यातून 'खासगी'. होळकरांच्या राज्यात 'खासगी' ही राणीच्या ताब्यातली स्वतंत्र मिळकत होती, अहिल्याबाईंची घाटांची आणि देवळांची कामं त्यातून झाली. शब्दाचा वंश इतका स्पष्ट असताना 'ज' कशाला?

जुनाबाजार
वंश बघून लिहायचं तर 'पिस्तूल' आणि 'काडतूस' दोन्ही पोर्तुगीजांना परत करावे लागतील. स आणि ग शेजारी आले की बोलताना स मऊ होतो आणि ज ऐकू येतो. लोक बोलतात तो शब्द मराठी.

उंबरठा
बाकी मजकुराची भाषा कळावी म्हणून एक तुकडा देतो: "त्याने लुगरचा घोडा मागे ओढला. खट् असा आवाज झाला. मी परवान्याची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि म्हणालो, घोडा दाबण्याआधी हे वाच."

परवलीचा
या तुकड्यात दोन चुका हत्याराच्या आहेत, त्या आधी काढा.

घोडा म्हणजे मागचा, आघात करणारा भाग. बोटाने ओढतो तो चाप. घोडा चढवतात, चाप ओढतात. 'घोडा दाबला' हे हिंदीच्या वळणाने आलेलं आहे. आता दुसरी चूक. लुगर या जर्मन पिस्तुलाला बाहेर दिसणारा घोडाच नसतो. त्यात आत आघात करणारी कळ असते आणि वर गुडघ्यासारखा मोडणारा सांधा. तो सांधा मागे ओढून सोडला की गोळी नळीत चढते. म्हणजे 'घोडा मागे ओढला' हे लुगरच्या बाबतीत घडूच शकत नाही. युद्धाहून परतलेल्या सैनिकांनी लुगर आणि वॉल्थर पी-३८ आठवण म्हणून आणली होती, त्यामुळे १९४७च्या कथेत लुगर असणं योग्यच आहे. घोड्याचा आवाज हवाच असेल तर वॉल्थर द्या, तिला बाहेर घोडा आहे. किंवा अडतीसचं रिव्हॉल्वर द्या.

रिव्हॉल्वरमध्येही कुठला आवाज कधी येतो हे बघा. डबल ॲक्शन रिव्हॉल्वरला घोडा आधी चढवावा लागत नाही. नुसता चाप ओढला तरी घोडा उठतो आणि पडतो, फक्त ओढ जड आणि लांब लागते. घोडा अंगठ्याने चढवला की चाप हलका होतो, नेम कमी हलतो. म्हणून बोलता बोलता कोणी घोडा चढवला तर त्याचा अर्थ 'आता मी थांबणार नाही' असा होतो. तो आवाज वाचकाला ऐकवायचा असेल तर घोडा आणि चाप वेगळे ठेवावेच लागतील.

जुनाबाजार
'घोडा दाबला' मराठी छापील कथांत कित्येक दशकं आहे. मुंबईच्या बोलीत तर 'घोडा' म्हणजे अख्खं पिस्तूल. वाचकाला अर्थ कळतो, मग कारखान्याची मापं कशाला लावायची?

परवलीचा
कारण रहस्यकथेत यंत्र हाच पुरावा असतो. याच प्रकारातली नेहमीची घोडचूक सांगतो. खलनायकाच्या हाती सैन्यातलं कोल्ट पंचेचाळीस, गोळ्या संपतात आणि तो 'खट्, खट्, खट्' करत राहतो. त्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या, नळीत एक धरली तर आठ. शेवटची झाडली की वरची स्लाइड मागे जाऊन अडकते. रिकामं झाल्याचं समोरच्यालाही दिसतं, खटखट होत नाही. रिकामी खटखट रिव्हॉल्वरची. भाषांतरकाराने सरसकट 'पिस्तूल' लिहिलं की मूळ लेखकाने बरोबर लिहिलेला प्रसंगही मराठीत चुकतो.

तिरपी रेघ
आणि 'झेरॉक्स' काढा. मराठीत तो आता सामान्य शब्द झाला आहे हे खरं, पण ते यंत्र बाजारात आलं १९५९मध्ये. १९४७मध्ये फोटोस्टॅट. मोठ्या कॅमेऱ्याने थेट संवेदनशील कागदावर प्रत घ्यायचे. मध्ये लोलक असल्याने अक्षरं सुलटी यायची, पण रंग उलटे: काळ्या कागदावर पांढरी अक्षरं. सरळ प्रत हवी तर त्या प्रतीचाच पुन्हा फोटो. खिशात घडी घालून झिजलेला काळा कागद, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. 'फोटोस्टॅट' लिहून कागदाचा रंग एकदा सांगितला की स्पष्टीकरण लागत नाही.

रात्रपाळी
श्राव्य पुस्तकांचं वाचन करणाऱ्यांच्या बाजूने थोडं. 'खाजगी गुप्तहेर' मोठ्याने म्हणून बघा. 'प्त'वर जीभ अडते आणि वाक्याचा वेग मोडतो. 'डिटेक्टिव्ह' एका दमात जातो. 'अन्वेषक' तर नकोच. 'गुन्हे अन्वेषण विभाग' ही पाटी आठवते आणि पात्र सरकारी होऊन बसतं.

पण त्याहून मोठा प्रश्न क्रियापदांचा आहे. तुमच्या मजकुरात "मी दार उघडले" आहे की "उघडलं"? ही गोष्ट नायक स्वतः सांगतोय. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत पात्राच्या तोंडच्या भाषेला शीर्षबिंदूची, म्हणजे 'उघडलं'मधल्या अनुस्वाराची, मुभा आहे. प्रथमपुरुषी कादंबरीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पात्रच बोलतंय, तेव्हा निवेदनही 'उघडलं, पाहिलं, म्हटलं' असंच हवं. निवेदनात 'पाहिले' आणि संवादात 'पाहिलं' असं मिश्रण असलं की वाचणाऱ्याला दर परिच्छेदाला आवाज बदलावा लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं दोन माणसं आहेत.

आकडेही अक्षरांत लिहून द्या. '.४५' कोणी 'पॉइंट फॉर्टीफाइव्ह' वाचतं, कोणी 'पंचेचाळीस'. एकदा ठरलं की पुस्तकभर तेच.

तिरपी रेघ
निवेदनात शीर्षबिंदू मला पटत नाही. माणूस घडून गेलेलं आठवून लिहितोय, गप्पा मारत नाही. 'उघडले'मध्ये जो कोरडेपणा आहे तो या प्रकाराला हवाच आहे.

रात्रपाळी
कोरडेपणा वाक्याच्या लांबीतून येतो. "दार उघडं होतं. दिवा बंद होता. मी आत गेलो." यात कुठे ओलावा आहे? तेच 'उघडे होते, बंद होता' केलं की पंचनामा होतो.

माडाखाली
पंचनाम्याचा सूर हाच तर न्वारचा, म्हणजे असल्या काळोख्या गुन्हेकथांचा सूर! आणि कृपया मुखपृष्ठावर 'नॉयर' छापू नका, फ्रेंच उच्चार 'न्वार', अर्थ 'काळा'. नाव पॅरिसमध्येच रुजलं. गालिमार प्रकाशनाची काळ्या वेष्टनातली माला १९४५मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी समीक्षक नीनो फ्राँक यांनी अमेरिकी चित्रपटांना ते विशेषण लावलं.

जुनाबाजार
'न्वार' मराठीत कोण म्हणणार? 'नॉयर' रुळलाय.

उंबरठा
लुगरच्या जागी वॉल्थर करतो, झेरॉक्स काढतो. 'हेरगिरी' आणि 'पाळत' ही जोडी पसंत आहे, पण काचेवर 'खासगी' की 'खाजगी' ते अजून ठरत नाही. परवलीचा, आणखी एक. नवव्या प्रकरणात खुनाच्या खोलीत गालिच्यावर दोन 'पुंगळ्या' सापडतात आणि खुनी रिव्हॉल्वरवाला निघतो. मुळातच तसं आहे.

परवलीचा
रिव्हॉल्वर पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी टरफल, बाहेर टाकत नाही. सहा घरांच्या चक्रीत ती तशीच राहते, खुनी चक्री बाहेर काढून दांडी दाबेल तेव्हाच सगळ्या पुंगळ्या एकदम पडतात. म्हणजे त्याने खोलीतच हत्यार रिकामं केलं असेल तर दोन झाडलेल्या पुंगळ्यांबरोबर चार न झाडलेली काडतुसंही पडायला हवीत. मुळात त्यांचा उल्लेख आहे का ते बघा. 'पुंगळी'साठी इंग्रजीत कुठला शब्द आहे तोही द्या, कारण 'शेल' असेल तर लेखकाला न झाडलेली काडतुसंही म्हणायची असू शकतील.

जुनाबाजार
पुंगळी म्हणजे झाडलेलीच. न झाडलेल्याला कोणी पुंगळी म्हणत नाही.

माडाखाली
बंदूकवाले भरलेल्या काडतुसाच्या पितळी भागालाही पुंगळीच म्हणतात.