मॉन्ट्रियलला चाललोय, मुलीला फ्रेंच शाळा सक्तीची आहे का?

निमा_सातारा:
नवऱ्याला तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालंय. मुलगी आठ वर्षांची, आत्तापर्यंत इंग्रजी माध्यमात. तिथे इंग्रजी शाळेत घेत नाहीत म्हणतात, खरं का? एवढ्याशा पोरीवर कशाला ही सक्ती?

बर्फातली_जास्वंद:
निमाताई, घेतात, पण मुदतीपुरतं. तात्पुरत्या परमिटवाल्यांच्या मुलांना अर्ज केल्यावर परवानगी मिळते. क्वेबेक प्रांताच्या (मॉन्ट्रियल त्यातच येतं) २०२२ च्या कायदा ९६ नं ती जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, पुढे वाढवून मिळत नाही. कायम राहायचं ठरलं तर मात्र फ्रेंच शाळाच, आईवडिलांपैकी कुणी कॅनडात इंग्रजीतून शिकलेलं नसेल तर. विनाअनुदानित खासगी शाळांना बंधन नाही, पण फी झेपायला हवी.

मी तर म्हणेन, राहायचा थोडासुद्धा विचार असेल तर आत्ताच फ्रेंच शाळेत घाला. नव्या मुलांसाठी वेगळा वर्ग असतो, तिथे आधी भाषाच शिकवतात. आमचा मुलगा दिवाळीपर्यंत शाळेत गप्प असायचा, जीव तुटायचा माझा. उन्हाळ्यात तो मैदानावर फ्रेंचमधून भांडत होता!

सक्ती का, तर १९७७ च्या आधी बाहेरून आलेल्यांची बहुतेक मुलं इंग्रजी शाळेत जात. बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, आणि वरच्या नोकऱ्या इंग्रजीत. आपल्याच शहरात साहेबाशी परक्या भाषेत बोलायचं. त्या वर्षी आलेल्या कायदा १०१ नं शाळा, कचेरी आणि दुकानाची पाटी, सगळीकडे एकदम फ्रेंच आणली. मला हे पटतं, मनापासून पटतं.

ठाणेकर७२:
पाट्या मराठीत हव्यात हा नियम आपल्याकडेही आहे. २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी मराठी सक्तीची, शाळेनं टाळली तर एक लाखापर्यंत दंड. मग आपलं घोडं अडतं कुठे?

बर्फातली_जास्वंद:
नोकरीत. इथे फ्रेंचमधून काम करणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. जून २०२५ पासून पंचवीस माणसांच्या कंपनीलाही कामकाज फ्रेंचमध्ये चालतं हे सरकारला दाखवावं लागतं. आणि मोठ्यांना सरकार भाषा फुकट शिकवतं, मी संध्याकाळच्या वर्गात शिकले. आपल्याकडे मराठी उत्तम येते म्हणून खासगी कंपनीत कुणाला घेतलेलं मी पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र चुकीचीच वाटते. सहा महिन्यांनंतर स्थलांतरितांशी सरकारी पत्रव्यवहार, काही अपवाद सोडले तर, फ्रेंचमध्येच. तान्हं मूल घेऊन घरी बसलेल्या बाईनं एवढ्यात काय शिकावं?

निमाताई, जन्मदाखला आणि परमिटची प्रत हाताशी ठेवा. अर्ज इंग्रजी शाळेमार्फतच जातो, आधी तिथे फोन करा.